चित्रध्वनीसाठी शांत संगणक व त्याचे कोठार

(तालुका प्राथमिक शिक्षक-संमेलनातील भाषण)



गावात एखादी नवी वस्तू आली म्हणजे गाव प्रथम शिक्षकाकडे पाहते. ती कोणती घ्यावी, कोठे ठेवावी, तिच्यापासून लाभ किती व उपद्रव किती, हे शिक्षकास ठाऊक असेल असा लोकांचा विश्वास असतो. आज असा प्रश्न पडद्यामागील संगणकाविषयी विचारला जात आहे. वर्गात दूरचित्रवाणीचा मोठा पडदा आला आहे. पुष्कळ घरांतही तसाच पडदा भिंतीवर आहे. त्याला एक लहानसा संगणक जोडून चित्रपट, नाटके, गाणी व अभ्यासाचे पाठ पाहावयाचे, म्हणजे घरातच एक छोटे चित्रगृह उभारावयाचे, अशी चाल वाढत आहे. असा संगणक निवडताना दुकानदार वेगाचे व क्षमतेचे आकडे सांगतो. परंतु या संगणकाची खरी परीक्षा वेगात नाही. तो चालू असताना खोलीत शांतता राहते काय, ही पहिली परीक्षा होय. आणि त्याच्या स्वाधीन केलेला साठा दहा वर्षांनंतरही हाती लागतो काय, ही दुसरी. या दोन्ही परीक्षांचा येथे क्रमाने विचार करावयाचा आहे.

गरजेचा विचार

खरेदीपूर्वी पहिला प्रश्न असा असावा की, संगणक मुळात हवाच आहे काय? आजच्या बहुतेक दूरचित्रवाणी संचांना पेन ड्राइव्ह लावण्याची खाच असते आणि संच स्वतःच चित्रफीत दाखवितो. त्यात पंखा नसल्यामुळे आवाजही नसतो. आठवड्यातून दोनचार पाठ दाखविणे एवढेच काम असेल, तर ही सोय पुरेशी आहे. एवढेच लक्षात ठेवावे की, फॅट-३२ या जुन्या पद्धतीने तयार केलेल्या पेन ड्राइव्हवर चार गिगाबाइटहून मोठी फाइल मावत नाही; मोठा चित्रपट उतरत नसेल तर दोष बहुधा पेन ड्राइव्हचा नसून त्या पद्धतीचा असतो, व एक्स-फॅट पद्धतीने तो दूर होतो. मात्र तो संच एक्स-फॅट वाचतो की नाही, हे आधी पाहावे.

साठा मोठा असेल, नाना प्रकारच्या फाइली असतील, अथवा गावातील ध्वनिमुद्रणे जतन करून ती वेळोवेळी ऐकवावयाची असतील, तर मात्र स्वतंत्र संगणक उपयोगी पडतो. पुढील विवेचन अशा गरजेसाठी आहे.

शांतता का हवी?

घरी चित्रपट पाहताना संगणकाची घरघर ही केवळ गैरसोय असते. वर्गात ती अध्यापनाची हानी असते. 'सात', 'साथ' आणि 'साठ' हे तीन शब्द केवळ शेवटच्या व्यंजनाने वेगळे होतात. बोलण्यातील स्वर जोरकस असतात; व्यंजने, विशेषतः स, श, थ, फ यांसारखी, दुबळी असतात. पंख्याचा एकसुरी आवाज प्रथम ही दुबळी व्यंजनेच गिळून टाकतो. प्रौढ मनुष्य संदर्भावरून गाळलेली जागा भरून काढतो. लहान मुलास ते साधत नाही. गोंगाटातून शब्द वेगळा काढण्याची शक्ती त्याच्या ठायी किशोरवयापर्यंत वाढत असते. ज्या मुलाच्या घरी कोरकू, गोंडी, पावरी किंवा वारली बोलली जाते, त्याला तर पाठातील प्रमाण मराठी आधीच अर्धी अपरिचित असते. त्याच्या कानी शब्द अर्धाच पडला, तर तो मूल मंद आहे असा शेरा मिळतो. प्रत्यक्षात दोष कोपऱ्यातील पंख्याचा असतो.

आवाज डेसिबेलमध्ये मोजतात. हे माप साध्या बेरजेने वाढत नाही. आवाज सुमारे दहा डेसिबेलने वाढला म्हणजे तो कानास दुप्पट वाटतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबेलने उतरतो. बोलणाऱ्यापासून एक मीटरवर साधे बोलणे सुमारे ६० डेसिबेल असते. तेच चार मीटरवर, म्हणजे अंतर दोनदा दुप्पट झाल्यावर, ४८ राहते. भिंतींवरून ध्वनी परत येत असल्यामुळे खोलीत ही घट काहीशी कमी असते, तथापि मागच्या रांगेतील मुलाचा तोटा स्पष्ट आहे. बोलणे नीट समजावे म्हणून ते खोलीतील इतर आवाजाहून १५ डेसिबेलने तरी वरचढ असावे असे मानतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली दिलेल्या मार्गदर्शक सूत्रांत अध्यापन चालू असताना वर्गातील पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबेलच्या आत असावा असे म्हटले आहे, ते याच कारणास्तव.

यावर कोणी म्हणेल की, स्पीकरचा आवाज वाढवावा म्हणजे झाले. हा उपाय फसवा आहे. पाठातील हळू वाक्य ऐकू यावे म्हणून आवाज वाढविला, तर त्यानंतरचे वाद्यसंगीत कर्कश होते. आणि दोन वर्गांत एकच पडदी असेल, तर शेजारच्या वर्गाचे गणित बंद पडते. म्हणून गोंगाटावर गोंगाट हा मार्ग सोडून गोंगाटाचे मूळच शोधले पाहिजे.

आवाजाची तीन मुळे

संगणकात आवाज करणाऱ्या वस्तू मुख्यतः तीन: प्रोसेसर थंड ठेवणारा व पेटीतील हवा खेळविणारा पंखा, वीजपुरवठ्याच्या डब्यातील पंखा, आणि फिरती हार्ड डिस्क. बाकीचे भाग मुके आहेत.

यांपैकी कोणाला आधी हात घालावा? सारख्या आवाजाच्या दोन वस्तू एकत्र चालल्या, तर एकूण आवाज दुप्पट वाटत नाही, तो केवळ तीन डेसिबेलने वाढतो. उलट एक वस्तू ४० डेसिबेलची व दुसरी ३० डेसिबेलची असेल, तर दोहोंचा मिळून आवाज ४० हून किंचितच अधिक भरतो. म्हणजे ३० ची वस्तू पूर्ण बंद केली तरी कानास फरक जाणवणार नाही. सर्वांत मोठा आवाज करणारी वस्तू प्रथम शोधावी व तिचाच बंदोबस्त करावा, हा यातील बोध आहे. महागडे पंखे बसवूनही घरघर कायम राहते, याचे कारण बहुधा डिस्ककडे झालेले दुर्लक्ष हे असते.

हार्ड डिस्कचा आवाज दोन प्रकारचा असतो. लिहितावाचताना होणारी कुरकुर हा एक. आणि तबकडीच्या फिरण्याचा कंप हा दुसरा. मिनिटास ७,२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदास १२० वेळा कंप देते. ५,४०० फेऱ्यांची ९० वेळा. हा कंप हवेत स्वतः फारसा उमटत नाही. परंतु डिस्क पत्र्याच्या पेटीस घट्ट आवळली की सारी पेटी गुणगुणू लागते. विज्ञानाच्या तासास नादकाटा हवेत धरून वाजविला तर जेमतेम ऐकू येतो व त्याचा दांडा टेबलावर टेकविताच मोठा आवाज निघतो, तोच हा प्रकार. म्हणून डिस्क व पत्रा यांच्यामध्ये रबराच्या चकत्या असाव्यात, आणि पेटी पोकळ लाकडी कपाटावर न ठेवता जाड रबराच्या पायांवर ठेवावी. पेटीवर तळहात ठेवून आवाज कमी झाला, तर मूळ कंपात आहे. न झाला, तर पंख्यात आहे. ही परीक्षा दुकानातही करता येते.

उष्णता आणि प्रोसेसरची निवड

पंखा उष्णतेमुळे लागतो. म्हणून शांत संगणकाची निवड पंख्यापासून नव्हे, तर उष्णता उत्पन्न करणाऱ्या प्रोसेसरपासून सुरू होते.

चित्रफीत साठविताना ती आवळून लहान केलेली असते. दाखविताना ती पुन्हा उलगडावी लागते. आवळण्याच्या पद्धती अनेक आहेत. २००३ सालची एच.२६४ ही आजही सर्वत्र आढळते, एच.२६५ व व्हीपी-९ या २०१३ च्या सुमारास आल्या. एव्ही-१ ही २०१८ साली आली. ज्या प्रोसेसरमध्ये त्या त्या पद्धतीची उलगड करणारे खास मंडल कोरलेले असते, तो हे काम अल्प विजेत व जवळजवळ न तापता करतो. ते मंडल नसेल, तर तेच काम सर्वसाधारण गणिताने करावे लागते. प्रोसेसर तापतो, पंखा जोरात फिरू लागतो, आणि इतके करूनही चित्र अडखळते. पाढे पाठ असलेला मुलगा व बोटे मोजणारा मुलगा यांच्यात जो फरक, तोच येथे आहे. उत्तर दोघांचेही बरोबर येते, दमतो मात्र एकच.

म्हणून प्रोसेसर घेताना त्याचा वेग विचारण्याऐवजी, तो कोणकोणत्या पद्धती अशा मंडलाने उलगडतो, हे विचारावे. २०२३ साली निघालेला इंटेलचा एन-१०० हा चार गाभ्यांचा प्रोसेसर वरील चारही पद्धती उलगडतो व त्याचा घोषित उष्णतांक केवळ ६ वॅट आहे; मेजावरील नेहमीच्या संगणकांचे पुष्कळ प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातील असतात. हा अंक म्हणजे कमाल मर्यादा नव्हे; काम पडल्यास प्रोसेसर काही काळ त्याहून अधिक वीज घेतो. तरी तुलनेसाठी तो पुरेसा आहे. नवे ते सर्व बाबतींत अधिक, असेही समजू नये. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची २०१९ सालची चौथी आवृत्ती एच.२६४ व एच.२६५ या दोन्हींसाठी मंडल बाळगते. २०२३ च्या पाचव्या आवृत्तीत एच.२६५ चेच मंडल ठेवले आहे, एच.२६४ साधा प्रोसेसर उलगडतो. एव्ही-१ चे मंडल दोहोंतही नाही. यास्तव आपल्या साठ्यातील फाइली कोणत्या पद्धतीच्या आहेत हे पाहून मगच यंत्र ठरवावे.

चित्रपट पाहण्यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ते खेळांसाठी असते आणि स्वतःचे एकदोन पंखे बरोबर घेऊन येते. आठ गिगाबाइट स्मृती पुरेशी आहे. व्हीएलसी व कोडी हे चित्रफिती दाखविणारे कार्यक्रम विनामूल्य मिळतात. तेव्हा कार्यक्रमापायी खर्च करण्याचे कारण नाही.

पंखा, पेटी आणि उन्हाळा

पंखा ठेवावयाचाच असेल तर मोठा व संथ ठेवावा. पंख्याची गती निम्मी केली, तर हवा निम्मी होते. पण त्यास लागणारी शक्ती आठव्या हिश्शावर येते आणि आवाज सुमारे १५ डेसिबेलने उतरतो. १२० मिलिमीटर पंख्याचा घेर ८० मिलिमीटर पंख्याच्या सव्वादोन पट क्षेत्र व्यापतो. म्हणून तितकीच हवा तो बऱ्याच कमी गतीने लोटू शकतो. लहान पंखा वेगाने फिरून जी किणकिण करतो, ती कानास अधिक टोचते. तापमानाप्रमाणे आपोआप कमीअधिक फिरणारा चार तारांचा पंखा पसंत करावा.

वीजपुरवठ्यासाठी लॅपटॉपसारखा बाहेरचा चार्जर असणारी यंत्रे इष्ट होत. त्यात पंखा नसतो, आणि त्याची उष्णता पेटीबाहेरच राहते. साध्या पेटीत मोठ्या क्षमतेचा वीजपुरवठा बसवून त्यावर वीसतीस वॅटचे काम करविणे म्हणजे घागरभर पाण्यासाठी मोटेला बैल जुंपणे होय; अशा अल्प भारावर त्याची कार्यक्षमताही उतरते. विजेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. दिवसाला सहा तास व महिन्याला पंचवीस दिवस चालणारा १० वॅटचा संगणक दीड युनिट घेतो. १०० वॅटचा पंधरा युनिट घेतो.

पंखाच नसलेली यंत्रेही मिळतात. त्यांची सारी पेटी म्हणजे उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पाकळ्या असतात. धूळ ओढून घेणारा पंखा नसल्यामुळे खेड्यातील शाळेस ती सोयीची आहेत. परंतु एक गोष्ट विसरू नये. यंत्र तापते ते खोलीच्या तापमानाच्या वर. समजा, एखादे यंत्र खोलीपेक्षा ३५ अंशांनी अधिक तापते. थंड देशातील २२ अंशांच्या खोलीत ते ५७ अंशांवर राहील. विदर्भ-मराठवाड्यातील ४२ अंशांच्या दुपारी तेच ७७ वर जाईल. फार तापल्यावर प्रोसेसर स्वतःस वाचविण्यासाठी वेग उतरवितो व चित्र अडखळू लागते. म्हणून असे यंत्र बंद कपाटात कोंडू नये, पडद्याच्या गरम पाठीस चिकटवू नये, त्यावर हजेरीपट ठेवू नये. चारी बाजूंनी वीतभर मोकळी जागा व सावलीची भिंत एवढे मिळाले तर ते वर्षानुवर्षे निमूट काम करते. पंख्याच्या यंत्राची धूळ दिवाळी व उन्हाळी सुट्टीपूर्वी मऊ कुंचल्याने काढावी. त्या वेळी वीज बंद असावी आणि पंखा हाताने धरून ठेवावा.

कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले, पुस्तकाएवढ्या आकाराचे जुने संगणक बाजारात मिळतात. त्यांचे प्रोसेसर बहुधा ३५ वॅटच्या वर्गातील व चार्जर बाहेरचा असतो. साध्या कामात ते शांत असतात. जड कामात त्यांचा लहान पंखा ओरडतो. तेव्हा असे यंत्र घेताना साठ्यातील सर्वांत जड चित्रफीत पेन ड्राइव्हवर बरोबर न्यावी, ती सलग वीस मिनिटे चालवून पाहावी, आणि मग किमतीचे बोलावे. बैल विकत घेण्यापूर्वी शेतकरी त्यास चार पावले चालवून पाहतो. तीच रीत येथे पाळावी.

साठ्याचे गणित

आता कोठाराचा विचार. किती साठा लागेल हे अंदाजाने न सांगता गणिताने काढावे. पाचवी-सहावीच्या मुलांकडून हे उदाहरण करून घेण्यासही हरकत नाही. चित्रफितीचा ओघ सेकंदास इतके मेगाबिट असा सांगतात. आठ बिट म्हणजे एक बाइट. सेकंदास ८ मेगाबिटचा ओघ म्हणजे १ मेगाबाइट. तासाला ३,६०० मेगाबाइट, अर्थात ३.६ गिगाबाइट. एक टेराबाइट म्हणजे हजार गिगाबाइट. तेव्हा अशा ओघाची चित्रे त्यात सुमारे २७७ तास मावतील. साधा अभ्यासपाठ सेकंदास २ मेगाबिटचा असेल, तर चौपट, म्हणजे अकराशेहून अधिक तास मावतील. ध्वनी याहून पुष्कळ हलका. कॉम्पॅक्ट डिस्कच्या गुणवत्तेचा एक तास सुमारे ६३५ मेगाबाइट होतो. फ्लॅक पद्धतीने आवळला, तर एकही सूर न गमावता तो साधारण निम्म्यावर येतो. नवी डिस्क जोडल्यावर विंडोज १,००० ऐवजी ९३१ दाखवितो, त्यामुळे फसवणूक झाली असे वाटून घेऊ नये. निर्माता हजाराने मोजतो, विंडोज १,०२४ ने मोजतो. बाइट तेवढेच असतात.

कार्यप्रणालीसाठी लहान एसएसडी घ्यावी. तिच्यात फिरणारा भाग नाही; म्हणून आवाज नाही, कंप नाही, आणि यंत्रही त्वरित सुरू होते. मोठ्या साठ्यासाठी हार्ड डिस्क अजूनही गिगाबाइटमागे स्वस्त पडते. साठा एकदोन टेराबाइटच्या आत असेल, तर तोही एसएसडीवरच ठेवून खोली पूर्ण निःशब्द करता येते. त्याहून मोठा असेल, तर हार्ड डिस्क घ्यावी. परंतु ती ऐकणाऱ्यांच्या खोलीत ठेवू नये.

हा सर्वांत सोपा व सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. डिस्का एका स्वतंत्र साठापेटीत घालून ती कार्यालयाच्या खोलीत, अथवा घरी असल्यास माळ्यावर हवेशीर जागी ठेवावी व लॅन केबलने पडद्यामागील यंत्रास जोडावी. गिगाबिट केबल सेकंदास १२५ मेगाबाइटपर्यंत नेते. वर सांगितलेल्या चित्रपटास केवळ एक मेगाबाइट लागतो. वायफायनेही काम चालते, परंतु जाड भिंत व पत्र्याचे छत यांनी ते दुबळे होते. जेथे शक्य तेथे केबलच टाकावी. डिस्क फिरत असताना ती उचलू वा कलंडू नये. तिचे टोक तबकडीपासून केसाच्या जाडीच्या अत्यल्प अंशावर तरंगत असते. साठापेटीस यूपीएस असलाच पाहिजे. लिहिण्याच्या मध्यात वीज गेली, तर त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइलच नव्हे, कधी कधी सारी अनुक्रमणिका बिघडते.

एक प्रत म्हणजे प्रत नव्हे

येथवर सांगितलेले चुकले, तर पैसा वाया जाईल किंवा कानास त्रास होईल. पुढील गोष्ट चुकली, तर मात्र जे जाईल ते पुन्हा मिळणार नाही.

भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात प्रकाशित झाला. लोकांनी तो पाहण्यासाठी गर्दी केली; आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्यात २००३ साली लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातील जुन्या नायट्रेट फिल्म जळून गेल्या. संग्राहक निष्काळजी होते असे नव्हे; एका जागी असलेली वस्तू एका आपत्तीत जाते, हा नियमच आहे.

याउलट एक उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या जमविण्याचे काम हाती घेतले. एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या, अनेक ध्वनिमुद्रितही झाल्या. त्या संगणकावर नोंदविल्या गेल्या. २०१७ पासून त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या. जाते घरातून गेले, दळणारा हात थकला, तरी ओवी राहिली; कारण तिची प्रत एकाहून अधिक ठिकाणी पोहोचली.

प्रत्येक शिक्षकाच्या हाती असा ठेवा येऊ शकतो. गावातील वृद्धेने सांगितलेली गोष्ट, पोळ्याची गाणी, भजनी मंडळाचा अभंग, पहिलीतील मुलांनी प्रथमच न अडखळता केलेले वाचन, हे बाजारात विकत मिळत नाही. चित्रपट हरवला तर पुन्हा आणता येतो. ही ध्वनिमुद्रणे हरवली तर आणावयाची कोठून? म्हणून साठ्याचे दोन भाग करावेत. जे पुन्हा मिळू शकते त्याची एक प्रत चालेल. जे पुन्हा मिळणार नाही त्याच्या तीन प्रती असाव्यात, त्या निदान दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत असावी. शाळेच्या यंत्रात एक, कार्यालयातील डिस्कवर एक, व केंद्रशाळेत किंवा शिक्षकाच्या घरी एक, एवढी व्यवस्था कोणत्याही गावात होऊ शकते. शेतकरी सारे बियाणे एकाच कणगीत ठेवीत नाही.

दोन डिस्कांवर एकाच वेळी तेच लिहिण्याच्या पद्धतीस रेड म्हणतात. एक डिस्क बिघडली तरी काम थांबू नये, हा तिचा उपयोग. ती सुरक्षित प्रत नव्हे. चुकून फाइल पुसली, तर ती दोन्ही डिस्कांवरून एकाच क्षणी जाते. चोर पेटी नेतो तेव्हा दोन्ही नेतो. वीज कोसळते तेव्हा दोन्ही जळतात. एसएसडी व पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षे विजेविना कपाटात ठेवण्यासाठी नाहीत. त्यांतील लिखाण हळूहळू पुसट होऊ शकते. प्रती वर्षातून दोनदा जोडून उघडून पाहाव्यात. न उघडलेली प्रत ही केवळ समजूत असते. डिस्क पाच वर्षांची झाली की नवीन घेऊन मजकूर तिच्यावर उतरवावा व जुनी तिसऱ्या जागी पाठवावी. फाइलीस नाव देताना वर्ष, गाव व विषय ही तीन अंगे लिहावीत. 'नवीन व्हिडिओ ७' या नावाची फाइल असून नसल्यासारखी होय.

कायद्याचाही उल्लेख आवश्यक आहे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात शाळेच्या कामकाजात, प्रेक्षक शिक्षक, विद्यार्थी व पालक यांपुरतेच असतील, तर चित्रपट दाखविण्यास सवलत आहे. चोरीच्या प्रती जमविण्याची व वाटण्याची ती परवानगी नव्हे. गावातील व्यक्तीचे मुद्रण करताना तिची संमती घ्यावी, आणि मुलांच्या चित्रफिती शाळेबाहेर जाऊ देऊ नयेत.

समारोप

सारांश, निवडीचा क्रम असा असावा. प्रथम गरज, नंतर साठ्यातील फाइलींची पद्धत, त्यानंतर ती न तापता उलगडणारा प्रोसेसर, मग बाहेरचा चार्जर व मोठा संथ पंखा, किंवा पंखाच नाही, कार्यप्रणालीसाठी एसएसडी, मोठ्या डिस्का दुसऱ्या खोलीत, आणि तीन प्रतींचा पैसा आरंभीच बाजूस काढलेला. पैसे अपुरे पडले, तर यंत्र साधे घ्यावे, पण प्रतींची डिस्क वगळू नये. यंत्र पाचसात वर्षांनी मोडीत जाणारच आहे. आतील साठा पुढील यंत्रात जावयाचा आहे.

उत्तम व्यवस्थेची खूण ही की, ती असल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. पाठ सुरू असताना यंत्र चालू आहे की बंद, हे मागच्या रांगेतील मुलास सांगता येऊ नये; 'सात' आणि 'साठ' यांतील भेद मात्र त्यास सांगता यावा. एवढे साधले म्हणजे त्या यंत्रावर झालेला खर्च सत्कारणी लागला.